'दॅन'च्या पलीकडच्या पारड्यात काय आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिक्षण मराठी माध्यमात झालं, आता खाजगी कंपनीत चार वर्षं तिमाही अहवाल इंग्रजीत लिहिता. नव्या साहेबांनी परवा चार वाक्यांवर लाल पेन फिरवलं. 'अवर सॅलरीज आर लोअर दॅन अदर कंपनीज' यातल्या 'दॅन'भोवती गोल केला. 'वी नीड मोअर ट्रेन्ड ऑपरेटर्स'पुढे प्रश्नचिन्ह काढलं. 'अवर टीम इज बिगर दॅन लास्ट इयर' सरळ खोडलं. 'दे हॅव अ बेटर वेअरहाउस दॅन अस' याचं 'दॅन वी' केलं. वर शेरा मारला, 'दिस इज टू स्मॉल अ टीम'. हा शेराच चुकीचा असावा अशी तुम्हाला शंका आहे. आणि तुम्ही विचारताय, 'अर' कधी लावायचं आणि 'मोअर' कधी, याचा पक्का नियम सांगा.

नियम सांगतो, पण त्याने तुमचं काम होणार नाही. तुमच्या चारही वाक्यांत 'अर' आणि 'मोअर' जिथल्या तिथे आहेत. विशेषण तुम्हाला येतं. अडतंय ते नामापाशी. कशाची तुलना कशाशी, आणि ते दुसरं 'कशाशी' वाक्यात नावानिशी हजर आहे का, हा खरा प्रश्न. यात तुमचा दोष कमी आहे. दहावीला आपण 'चेंज द डिग्री' घोकतो, 'नो अदर सिटी इज ॲज बिग ॲज'पासून 'द बिगेस्ट'पर्यंत एकाच विशेषणाला तीन झगे घालतो आणि उतरवतो. त्या विशेषणाला लागून जे नाम आहे त्याचं काय होतं, हे कुणी सांगतच नाही. मी स्वतः कोल्हापुरात संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घ्यायचो, पुढे भाषांतर आणि अहवालांचं संपादन यावरच पोट भरलं. मलाही हे शिकवता शिकवता कळलं.

कळलं तो दिवस सांगतो. १९९९ साल. वर्गात गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा यायचा. वडिलांची १९६९ ची जावा चालवायचा आणि तिच्याबद्दल कुणी काही वावगं बोललेलं त्याला खपायचं नाही. माझ्याकडे तेव्हा लुना होती. एकदा वर्ग सुटल्यावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. त्याने जावाच्या टाकीवर हात ठेवला आणि मला ऐटीत सांगितलं, 'सर, माय बाइक इज ओल्डर दॅन यू.' माझा जन्म १९७३ चा. वाक्य व्याकरणाने अचूक होतं आणि वर खरंही होतं! चूक काढायची तर कुठे काढू? त्याला म्हणायचं होतं, 'माझी गाडी तुमच्यापेक्षा जुनी आहे', म्हणजे तुमच्या लुनापेक्षा. बोलला ते माझ्या वयाबद्दल.

रात्री घरी बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की चूक मराठीतून आलीय, आणि मराठीत ती चूकच नाही. 'तुझ्यापेक्षा' हा शब्द बघा. 'तू'ला 'पेक्षा' लावलं तरी 'तुझ्यापेक्षा', आणि 'तुझी गाडी' यातली गाडी गाळून उरलेल्या 'तुझी'ला 'पेक्षा' लावलं तरीही 'तुझ्यापेक्षा'. सामान्यरूपात दोन्ही एक होतात. ऐकणारा संदर्भाने समजून घेतो आणि कुणाचंच अडत नाही. इंग्रजीत मात्र 'दॅन यू' वेगळं आणि 'दॅन युअर्स' वेगळं. एका पारड्यात मोटारसायकल ठेवलीत तर दुसऱ्या पारड्यातही मोटारसायकलच लागते. तिच्या मालकाला बसवलंत तर इंग्रजी मुकाट्याने मालकाचं वजन करते.

आता गंमत अशी की हा फरक मराठीलाही ठाऊक आहे, फक्त सर्वनामांत तो बुजतो. नामांत तो ऐकू येतो. 'माझी गाडी रमेशपेक्षा जुनी' आणि 'माझी गाडी रमेशच्यापेक्षा जुनी'. दुसऱ्या वाक्यातला तो 'च्या' म्हणजे रमेशच्या गाडीची रिकामी ठेवलेली खुर्ची. आमच्याकडे बोलताना हा 'च्या' सर्रास येतो, लिहिताना मात्र आपण तो गावंढळ समजून खाऊन टाकतो. त्या रात्रीपासून मी वर्गात एकच चाचणी द्यायला लागलो: वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणा आणि 'पेक्षा'च्या आधी 'च्या' घालून बघा. अर्थ न बिघडता 'च्या' बसला, तर इंग्रजीत तिथे काहीतरी भरावंच लागेल. एकवचनी किंवा न मोजता येणारं नाम असेल तर 'दॅट ऑफ', अनेकवचनी असेल तर 'दोज ऑफ', व्यक्ती असेल तर नुसतं 'रमेशेस' किंवा 'युअर्स', आणि एखादी सुटी वस्तू असेल तर 'वन', जसं 'अ बिगर ऑफिस दॅन द ओल्ड वन'.

तुमचं पगाराचं वाक्य या चाचणीला लावा. 'आमचे पगार इतर कंपन्यांपेक्षा कमी आहेत.' 'इतर कंपन्यांच्यापेक्षा' म्हणून बघा. बसतंय. म्हणजे इंग्रजीत 'अवर सॅलरीज आर लोअर दॅन दोज ॲट अदर कंपनीज'. साहेबांचा गोल बरोबर. तुम्ही एका पारड्यात पगार ठेवला होता आणि दुसऱ्यात अख्खी कंपनी. पण मला विचाराल तर 'दोज ॲट' हे शुद्ध असूनही जरा कोरडंच आहे. मी संपादनात शक्यतो क्रियापद बदलतो: 'वी पे लेस दॅन अदर कंपनीज डू'. आता दोन्ही पारड्यांत कंपन्याच आहेत, कुठेही खुर्ची रिकामी राहत नाही. 'दॅट ऑफ', 'दोज ऑफ' यांचा एका परिच्छेदात दोनदा-तीनदा सुळसुळाट झाला की समजायचं, वाक्याचा कर्ता चुकीचा निवडलाय.

'बिगर दॅन लास्ट इयर' मात्र साहेबांनी उगाच खोडलं. त्यांना वाटलं असणार, टीमची तुलना वर्षाशी कशी होईल? पण इथे 'लास्ट इयर' हे दुसऱ्या पारड्यातलं नाम नाहीच, तो काळ आहे. पूर्ण वाक्य 'अवर टीम इज बिगर दॅन इट वॉज लास्ट इयर', आणि त्यातलं 'इट वॉज' गाळायला इंग्रजीची पूर्ण मुभा आहे. 'दॅन एव्हर', 'दॅन बिफोर', 'दॅन एक्स्पेक्टेड' हे त्याच जातीतले. इथे 'च्या' घालून बघाल तर फसाल, कारण मराठीत 'गेल्या वर्षीपेक्षा' आणि 'गेल्या वर्षीच्यापेक्षा' दोन्ही चालतं. म्हणून चाचणीला एक पुरवणी: 'दॅन'नंतर काळ, ठिकाण किंवा अपेक्षा दाखवणारा शब्द असेल तर चाचणी बाजूला ठेवा.

आता 'मोअर ट्रेन्ड ऑपरेटर्स'. चौघांत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ही चूक व्याकरणाची नाही आणि पैसे मात्र हिनेच बुडतात. या वाक्याचे दोन अर्थ आहेत. एक, प्रशिक्षित ऑपरेटर आहेत त्याहून जास्त संख्येने हवेत. दुसरा, आहेत त्यांच्याहून जास्त प्रशिक्षण घेतलेले हवेत. 'मोअर' हा 'ऑपरेटर्स'ला चिकटलाय की 'ट्रेन्ड'ला, हे कागदावर दिसत नाही. मराठीत 'अधिक प्रशिक्षित कामगार' म्हटलं तरी तोच घोळ. माझ्याकडे एकदा एका रुग्णालयाचा प्रस्ताव आला होता, त्यात परिचारिकांबद्दल नेमकं असंच वाक्य होतं. लिहिणाऱ्या बाईंना नवीन भरती हवी होती. वाचणाऱ्यांनी असलेल्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी तरतूद सुचवून कागद परत पाठवला. दोघांचीही इंग्रजी चांगली होती, आणि बोलताना हा प्रश्न आलाच नसता. कारण बोलताना पहिल्या अर्थाला आपण 'मोअर' म्हणून किंचित थांबतो आणि 'ट्रेन्ड ऑपरेटर्स' एका दमात म्हणतो. दुसऱ्या अर्थाला 'मोअर ट्रेन्ड' एका दमात येतं. कागदाला दम घेता येत नाही.

उपाय असा की वाक्य उलटं करून बघायचं. 'जास्त'चं 'कमी' करा. संख्या कमी असेल तर इंग्रजी 'फ्यूअर ट्रेन्ड ऑपरेटर्स' म्हणेल, प्रशिक्षण कमी असेल तर 'लेस ट्रेन्ड ऑपरेटर्स'. वर जाताना एकच 'मोअर' दोन्ही कामं करतो, खाली उतरताना मात्र इंग्रजी शब्द वेगळे करते. म्हणून ज्या दिशेने शंका येते त्याच्या उलट दिशेने जाऊन आपल्याला काय म्हणायचंय ते आधी ठरवायचं, आणि मग सरळ लिहायचं. संख्या हवी असेल तर 'वी नीड टेन मोअर ट्रेन्ड ऑपरेटर्स'. आकडा आला की संदिग्धता पळाली. आकडा नसेल तर 'अ लार्जर नंबर ऑफ ट्रेन्ड ऑपरेटर्स'. प्रशिक्षण हवं असेल तर 'बेटर-ट्रेन्ड ऑपरेटर्स'.

'फ्यूअर' आणि 'लेस' यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मोजता येतं तिथे 'फ्यूअर', न मोजता येतं तिथे 'लेस', ही वाटणी पहिल्यांदा ठळकपणे मांडली ती रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये, आणि तीही नियम म्हणून नव्हे, आपली पसंती म्हणून. त्याआधी शेकडो वर्षं इंग्रज मंडळी मोजण्याजोग्या गोष्टींनाही 'लेस' लावत होती आणि आजही बोलण्यात लावतात. त्यामुळे कुणी बोलताना 'लेस पीपल' म्हणालं तर मी भुवया उंचावत नाही. पण अहवालात वाटणी पाळा, कारण वर सांगितलेला भेद तिथेच उपयोगी पडतो. पैसे, अंतर आणि वेळ यांना मात्र आकडा असला तरी 'लेस'च: 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स'. कारण तिथे आपण एकेक किलोमीटर मोजत नसतो, एकूण लांबी बघत असतो.

'दॅन अस' की 'दॅन वी'? हे परिस्थितीवर आहे, आणि अडीचशे वर्षांचं भांडण आहे. रॉबर्ट लाउथ या इंग्रज धर्मगुरूंनी १७६२ मध्ये छोटेखानी व्याकरण लिहिलं, त्यात 'दॅन' हे दोन वाक्यं जोडणारं अव्यय मानलं. म्हणजे पुढे 'वी' हवं, कारण 'वी हॅव' त्यात दडलंय. इंग्रजी बोलणारे मात्र 'दॅन'ला आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं वागवत राहिले आणि 'दॅन मी', 'दॅन अस' म्हणत राहिले. आज बोलताना 'दॅन अस' अगदी नैसर्गिक, आणि नुसतं 'दॅन वी' म्हटलं तर माणूस कोट-टाय घालून आंघोळीला निघाल्यासारखा वाटतो. लिहिताना मी दोन्ही टाळतो आणि क्रियापद पूर्ण करतो: 'दॅन वी डू'. तुमच्या वाक्यात तर त्याहून सोपी वाट आहे. तुलना गोदामाची गोदामाशी आहे, मग 'दे हॅव अ बेटर वेअरहाउस दॅन अवर्स'. पुन्हा तोच 'च्या'. क्रियापद सकर्मक असेल तेव्हा मात्र हे भांडण गमतीचं राहत नाही. 'शी ट्रस्ट्स द अकाउंटंट मोअर दॅन मी' म्हणजे माझ्यावर ठेवते त्याहून, की मी ठेवतो त्याहून? मराठीतही 'ती माझ्यापेक्षा अकाउंटंटवर जास्त विश्वास ठेवते' असंच लटकतं. दोन्हीकडे क्रियापद पूर्ण केल्याशिवाय सुटका नाही.

तुमच्या चार वाक्यांत नाही, पण पुढच्या अहवालात येईल म्हणून एक बारकावा. तुलनेचं विशेषण नामाच्या आधी ठेवलंत, की ते नाम 'दॅन'च्या पलीकडच्यालाही लागतं. 'पुणे इज अ बिगर सिटी दॅन नाशिक' ठीक, दोन्ही शहरंच. पण 'पुणे इज अ बिगर सिटी दॅन भूतान' म्हणालात तर भूतानला शहर करून टाकलंत. मुद्दा खरा आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती आणि भूतानची अख्ख्या देशाची आठ लाखांच्याही आत आहे. तरी वाक्य खटकतं. विशेषण नामाच्या मागे न्या, 'अ सिटी बिगर दॅन भूतान', की भूतान पुन्हा देश होतो. सगळ्यात स्वच्छ 'पुणे हॅज मोअर पीपल दॅन भूतान'. याच कारणाने 'माझ्या आईपेक्षा उंच माणूस मी पाहिला नाही' याचं 'अ टॉलर मॅन दॅन माय मदर' केलं तर इंग्रज वाचक हसेल. मराठीतला 'माणूस' दोघांनाही पुरतो, इंग्रजीतला 'मॅन' आईपाशी अडतो. (देवनागरीत 'बिगर' वाचून तुम्हाला बिगरशेती आठवत असेल, तर मलाही लिहिताना दर वेळी तेच आठवतंय.)

साहेबांचा शेरा, 'टू स्मॉल अ टीम', तो शंभर टक्के बरोबर आहे. इंग्रजीत 'अ' हा एरवी दारावरच्या रखवालदारासारखा पुढे उभा असतो: 'अ स्मॉल टीम', 'अ स्मॉलर टीम'. पण 'फारच' या अर्थाचा 'टू', 'सो', 'ॲज', 'हाउ' आणि 'इतका' या अर्थाचा 'दॅट' यांपैकी कुणी आला, की तो विशेषणाचा हात धरून रखवालदाराला ओलांडून पुढे जातो. 'टू स्मॉल अ टीम', 'सो बिग अ लॉस', 'ॲज गुड अ वेअरहाउस ॲज देअर्स', 'हाउ लार्ज अन ऑर्डर'. साध्या तुलनेत हे होत नाही, म्हणून 'बेटर अ वेअरहाउस' चूक. अपवाद 'नो' आणि 'एनी'चा: 'ही इज नो बेटर अ ड्रायव्हर दॅन आय ॲम' चालतं. आणि ही रचना एकवचनी, मोजता येणाऱ्या नामांपुरतीच. 'टू स्मॉल टीम्स' असं अनेकवचन करू नका, 'टीम्स दॅट आर टू स्मॉल' म्हणा. अमेरिकेत बोलताना मध्ये 'ऑफ' घालतात, 'टू स्मॉल ऑफ अ टीम'. ऐकलंत तर दचकू नका, पण तिमाही अहवालात घालू नका. एक 'ऑफ' मात्र हक्काचा आहे: 'शी इज मोअर ऑफ अ टीचर दॅन अ मॅनेजर', म्हणजे पद काहीही असो, पिंड शिक्षिकेचा. तिथे तुलना दोन नामांचीच आहे.

राहिला तुमचा मूळ नियम, तो पटकन उरकतो. एका उच्चाराचं, म्हणजे एका सिलॅबलचं, विशेषण असेल तर बहुधा 'अर', तीन किंवा जास्त असतील तर बहुधा 'मोअर'. दोन उच्चारांत शेवटी 'ई' ऐकू येत असेल तर 'हॅपिअर', 'इझिअर'. बाकी दोन उच्चारांचे काही दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतात, 'सिंपलर' आणि 'मोअर सिंपल' दोन्ही सापडतील. दोन्ही एकदम मात्र नको, 'मोअर बेटर' नाही. यावर मराठी माणसाने फार नाक मुरडू नये. संस्कृतातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे एकाच घरातले भाऊ. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ' हे मुळातच 'सर्वांत' या अर्थाचे शब्द, तरी आपण 'अधिक श्रेष्ठ' म्हणतो आणि भाषण रंगलं की 'श्रेष्ठतम'ही. 'सीनियर', 'जूनियर', 'सुपीरियर' हे लॅटिनमधून तयार होऊन आलेले, त्यांना 'दॅन' चालत नाही, 'टू' लागतं: 'सीनियर टू मी'. आणि 'परफेक्ट'ची तुलना होत नाही असं कुणी दटावलं तर १७८७ ची अमेरिकेची राज्यघटना पहिल्याच वाक्यात 'अ मोअर परफेक्ट युनियन' म्हणते, एवढं सांगून गप्प बसा.

आणखी एक, कारण तुमच्या अहवालात आकडे असणार. 'थ्री टाइम्स मोअर दॅन' लिहू नका. २०० ऑर्डरींच्या 'थ्री टाइम्स मोअर' म्हणजे कुणी ६०० समजतो, कुणी ८००. आपल्याकडेही 'तिप्पट' आणि 'तिपटीने जास्त' यांची अशीच गल्लत होते. 'थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज' लिहिलं की ६०० आणि फक्त ६००.

तर तुमचा कागद असा परत द्या. पगाराचं वाक्य 'वी पे लेस दॅन अदर कंपनीज डू'. ऑपरेटरांचं, तुम्हाला किती हवेत तो आकडा घालून. गोदामाचं 'दॅन अवर्स'. गेल्या वर्षीचं वाक्य शब्दही न बदलता तसंच ठेवा. साहेबांनी पुन्हा खोडलंच तर वाद घालू नका, 'इट वॉज' एवढे दोन शब्द मध्ये घाला. आणि पुढच्या खेपेला त्यांना सांगायला एखादं वाक्य लागलं, तर 'टू बिग अ टार्गेट फॉर टू स्मॉल अ टीम' हे व्याकरणाला धरून आहे.